जुन्या बाजारांतलें यंत्र आणि कोल्हापूरची अंधारखोली

इ. स. १८९९ च्या नोव्हेंबर महिन्यांत मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें पुंडलीकदादा व कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती झाली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांस लोक सावेदादा या नांवानें ओळखीत, त्यांनीं ती आपल्या चलच्चित्राच्या कॅमेऱ्यानें टिपली. हा कॅमेरा त्यांनीं एकवीस गिनी मोजून लंडनहून मागविला होता. कुस्ती कोणी मारली हें भोंवतीं जमलेल्या मंडळींस त्याच दिवशीं कळलें. फिल्मवर काय उतरलें, किंबहुना कांहीं उतरलें आहे कीं नाहीं, हें खुद्द सावेदादांस मात्र कळण्यास मार्ग नव्हता. कारण फिल्म धुण्याची सोय मुंबईंत नव्हती. तिला डब्यांत बंद होऊन बोटीनें लंडनला जावें लागलें, आणि तेथें धुतली गेल्यावर ती स्वदेशीं परत आली.

चित्रपटाच्या इतिहासाची गोष्ट सांगतांना आपण बहुधा कॅमेऱ्याची गोष्ट सांगतों. तें स्वाभाविक आहे. कॅमेरा डोळ्यांना दिसतो आणि त्याच्यामागें उभ्या राहिलेल्या माणसाचें छायाचित्रही मोठें रुबाबदार येतें. परंतु चित्र टिपणें आणि चित्र उमटविणें हीं दोन अगदीं निराळीं कामें आहेत. उजेड लागलेली फिल्म आणि कोरी फिल्म अंधारांत पाहिली काय किंवा चांचपून पाहिली काय, दोहोंत रतिमात्र फरक जाणवत नाहीं. चित्र तिच्या अंगीं असतें, पण बीजांत झाड असावें तसें. रसायनाच्या पाण्यांत पडल्यावरच तें अंगावर येतें. आणि तेथें चूक झाली कीं नटांची मेहनत, छायालेखकाचें कौशल्य व भांडवलवाल्याचा पैसा हीं सर्व त्याच पाण्यांत जातात. सावेदादांचा कॅमेरा पुढें पाटणकर, करंदीकर व दिवेकर या त्रयीनें विकत घेतला. त्यांनीं ‘सावित्री’ नांवाचें चित्र घेतलें, पण धुतल्यावर फिल्म साफ कोरी निघाली, असें त्यांच्याविषयीं लिहिणाऱ्यांनीं नमूद केलें आहे. दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलीक’ १९१२ च्या मे महिन्यांत मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लागला, तोही लंडनला धुवून आणलेला होता. म्हणजे तोंवर या देशांत चित्रें घेतलीं जात होतीं, पण तीं जन्मास मात्र परदेशांत येत होतीं.

ही परवशता प्रथम मोडली ती दादासाहेब फाळके यांनीं. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ च्या फेब्रुवारींत लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा त्यांनीं विकत घेतला, आणि फिल्मच्या कांठांस भोंकें पाडण्याचें यंत्र व कच्ची फिल्म मागविण्याची व्यवस्था करून ते दोन महिन्यांत परतले. दादरच्या राहत्या घरांतच त्यांनीं आपली रसायनशाळा थाटली. त्या काळीं कच्ची फिल्म भोंकांवांचून येत असे. चित्राच्या एका चौकटीस प्रत्येक कांठावर चार भोंकें लागतात आणि एका फुटांत सोळा चौकटी मावतात. तेव्हां हजार फूट फिल्मच्या एकाच कांठावर चौसष्ट हजार भोंकें झालीं. घरांत निजानीज झाल्यावर गाढ अंधारांत बसून हें काम करीत असत त्या फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई. फिल्म धुण्यांतही त्यांचा हात होता. ‘राजा हरिश्चंद्र’ चित्राचें श्रेय वांटतांना या माउलीचें नांव पुष्कळ दिवस कोणास आठवलें नाहीं, हें आपल्या इतिहासकारांस भूषणावह म्हणतां येणार नाहीं.

फाळक्यांजवळ द्रव्य नव्हतें, पण लंडनला जाण्याइतकी पत होती. कोल्हापुरांतल्या ज्या दोघां कारागिरांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिला, त्यांच्याजवळ तीही नव्हती. हे दोघे म्हणजे आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवितां रंगवितां लोकांनीं त्यांस ‘पेंटर’ हें आडनांव बहाल केलें आणि तेंच पुढें कायम झालें. बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापुरांतलाच. घराणें परंपरेनें कारागिराचें. लांकूड, धातु, रंग, यांपैकीं कोणतीही वस्तु हातीं आली कीं तिचें काय करावें हें या घरांत पुस्तकांतून शिकावें लागत नसे. त्या काळचा रंगविलेला पडदा म्हणजे नुसतें चित्र नव्हे. राजवाड्याची लांबच लांब दालनें सपाट कापडावर अशीं भासवावयाचीं कीं पहिल्या रांगेंतल्या प्रेक्षकासही आंत चालत जावेंसें वाटावें. उजेड कोठून येतो आणि सावली कोठें पडते, याचा विचार या दोघां बंधूंनीं कॅमेरा हातीं येण्यापूर्वींच वर्षानुवर्षें केला होता.

चित्रपट काढावयाचा तर यंत्र पाहिजे. नवें यंत्र विलायतेंतून आणणें शक्य नव्हतें. तेव्हां त्यांनीं मुंबईच्या जुन्या बाजारांतून चित्र दाखविण्याचें एक वापरलेलें यंत्र, म्हणजे प्रोजेक्टर, खरेदी केलें आणि त्यावर चित्रें दाखविण्याचा धंदा आरंभिला. धंद्यापासून पोटापुरतें मिळावें हा एक हेतु. दुसरा हेतु अधिक खोल होता. चित्र दाखविणाऱ्या यंत्राच्या पोटांत चित्र घेणाऱ्या यंत्राचें रहस्य दडलेलें आहे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

ही गोष्ट थोडी उलगडून सांगितली पाहिजे. प्रोजेक्टरमध्यें फिल्म सारखी वाहत नाहीं. ती क्षणभर थांबते, दिव्याचा झोत तिच्यांतून पार जातो, मग एक पाखें आडवें येऊन उजेड अडवितें आणि तेवढ्या अवकाशांत फिल्म एक चौकट पुढें सरकते. मूकपटाच्या काळांत सेकंदास अशीं सुमारें सोळा चित्रें सरकत. कॅमेऱ्याच्या आंतही हेंच घडतें. भेद इतकाच कीं तेथें उजेड आंतून बाहेर जात नाहीं, बाहेरून आंत येतो. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनीं ज्या पेटीनें १८९६ च्या जुलैंत मुंबईस वॉटसन हॉटेलांत पहिला खेळ दाखविला, ती पेटी मुळांत चित्र घेणें, त्याची प्रत काढणें आणि तें दाखविणें अशीं तिन्ही कामें करण्यासाठींच बनविलेली होती. तेव्हां प्रोजेक्टर खोलून कॅमेरा शिकूं पाहणें हें वेडें साहस नव्हतें. तो शिकण्याचा सरळ रस्ता होता, मात्र खडकाळ. प्रोजेक्टरमध्यें केसभर चूक खपते, कारण पडद्यावर चित्र किंचित् हललें तरी प्रेक्षक तें सोसतो. कॅमेऱ्यांत झालेली तीच चूक कायमची फिल्मवर कोरली जाते, आणि मग ती कोणत्याही यंत्रावर दाखविली तरी नाचतच राहते. शिवाय कॅमेऱ्याच्या पेटींत सुईच्या अग्राएवढीही फट राहून चालत नाहीं.

जुनें यंत्र विकत घेणाऱ्यास त्या यंत्राचा इतिहास कोणी सांगत नाहीं. तो त्यानें यंत्राच्या अंगावरून वाचावयाचा असतो. दांतेरी चाकाचे दांत एकाच बाजूनें झिजून आंकड्यासारखे वांकले असतील, तर तें पुष्कळ राबलें आहे आणि फिल्मचीं भोंकें फाडल्यावांचून राहणार नाहीं. फिल्म जेथें दाबून धरली जाते त्या पट्टीवर ओरखडा असेल, तर तोच ओरखडा पुढें प्रत्येक चित्रावर पावसाच्या सरीसारखा उमटेल. भिंगाच्या कडेस जाळें धरलें असेल तर तें पावसाळी हवेंत पडून राहिलें आहे असें समजावें. बाजारांतला दुकानदार दांडा फिरवून चाकें गरगर फिरतात एवढेंच दाखवितो. पण हलकें फिरणारें यंत्र चांगलेंच असतें असें नाहीं, बहुधा तें ढिलें झालेलें असतें. हें सर्व जाणण्यास इंजिनिअरची पदवी लागत नाहीं. रंधा आणि कानस ज्याच्या हातांत वाढली, त्याच्या बोटांना तें आपोआप कळतें. मोडकें यंत्र स्वस्त मिळतें हा त्याचा लहान गुण. तें उघडून पाहण्याची भीति वाटत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. पन्नास पौंडांचा नवा कॅमेरा विकत घेऊन त्याचे स्क्रू काढण्याची छाती कितीजणांस झाली असती?

पण या साधनेंत काळानें मोठा घाला घातला. १९१६ सालीं आनंदराव वारले. कॅमेरा अपुरा होता. ज्याच्या डोक्यांत त्या यंत्राचा बराचसा नकाशा होता तोच गेला, आणि त्याच वेळीं महायुद्धामुळें परदेशी माल मिळणें दुर्घट होऊन बसलें. अशा प्रसंगीं पुष्कळांनीं पडदे रंगविण्याचा बरा चाललेला धंदा पुन्हां धरला असता. बाबूरावांनीं तसें केलें नाहीं. त्यांच्या हाताखालीं चित्रकला शिकणारे विष्णुपंत दामले हे यंत्रकामांतही तितकेच कुशल होते. गुरुशिष्यांनीं मिळून काम पुढें चालविलें आणि १९१८ सालीं कोल्हापुरांत घडविलेला कॅमेरा चालूं लागला. येथें एक गोष्ट प्रांजळपणें नमूद केली पाहिजे. ‘स्वदेशी कॅमेरा’ या शब्दांनीं फुगून जाऊन त्यांत सर्व कांहीं देशी होतें असें समजण्याचें कारण नाहीं. कच्ची फिल्म परदेशांतूनच येई, आणि ती स्थिति पुढेंही कित्येक वर्षें बदलली नाहीं. उटकमंड येथें हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला तो १९६० सालीं. देशी होती ती यंत्राची जाण, आणि तीच दुर्मिळ होती. या कॅमेऱ्याची आठवण म्हणून कोल्हापुरांत खरी कॉर्नर येथें एक स्तंभ उभारलेला आहे.

यंत्र झालें, आतां कंपनी. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती कर्जावर, आणि तें कर्ज देणाऱ्यांत कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर होत्या. सावकारांच्या पेढ्यांनीं ज्या धंद्याकडे संशयानें पाहिलें असतें, त्यांत एका गाणाऱ्या बाईनें आपला पैसा घातला. कलावंताची पारख कलावंतास अधिक असते म्हणावें, किंवा तानीबाईंचें धाडस म्हणावें; पण हा पैसा नसता तर तो कॅमेरा कपाटांतली शोभेची वस्तु होऊन राहिला असता.

आतां अंधारखोलींत शिरूं या. त्या काळीं फिल्म धुण्याची सर्वत्र रूढ असलेली पद्धत अशी होती. लांकडी चौकटीवर फिल्म सुतासारखी गुंडाळावयाची, आणि ती चौकट एकामागून एक उभ्या टाक्यांत बुडवावयाची. पहिल्या टाकींत चित्र उमटविणारें रसायन. मग साधें पाणी. मग हायपो, जो उरलेलें चांदीचें क्षार विरघळवून चित्र पक्कें करतो. आणि शेवटीं पुष्कळ वेळ वाहतें पाणी. धुतलेली फिल्म मोठ्या लांकडी पिंपावर गुंडाळून तें पिंप फिरवीत वाळवावयाची. त्या वेळच्या फिल्मला तांबडा उजेड कळत नसे, म्हणून खोलींत तांबडा दिवा चाले. आणि धुणारा माणूस चौकट वर उचलून त्या अंधुक उजेडांत पाही कीं चित्र पुरतें आलें किंवा नाहीं. घड्याळापेक्षां त्याच्या डोळ्यावर अधिक विसंबावें लागे. घाई झाली तर चित्र फिकें, उशीर झाला तर काळेंठिक्कर.

यूरोपांतल्या पुस्तकांत रसायनाचें उष्णमान फॅरनहाइटचे ६५ अंश ठेवावें असें लिहिलेलें असे. वैशाखांतल्या कोल्हापुरांत हे ६५ अंश कोठून आणावयाचे? पाणी ऊन असलें कीं फिल्मवरचा सरसाचा थर फुगतो, मऊ पडतो, आणि बोट लागलें तर साय निघावी तसा निघून येतो. त्यावर त्या काळीं सर्वत्र जे उपाय चालत तेच येथेंही उपलब्ध होते. रात्रीं किंवा पहांटें काम करावें, विहिरीचें गार पाणी वापरावें, बर्फ मिळाला तर टाकीभोंवतीं ठेवावा, आणि थर घट्ट करणारी तुरटी हायपोंत घालावी. पाण्यांत क्षार असले तर वाळल्यावर डाग राहतात. धूळ असली तर ती थरांत रुतून बसते. दुरून धुलाईघराच्या कामासारखें दिसणारें हें काम प्रत्यक्षांत किती जिवावरचें असतें, हें केलेल्यासच ठाऊक. आणि ती फिल्म नायट्रेटची, म्हणजे ठिणगी पडतांच दारूसारखी पेट घेणारी.

अशा कॅमेऱ्यानें घेतलेला व कोल्हापुरांत घडलेला ‘सैरंध्री’ हा मूकपट ७ फेब्रुवारी १९२० रोजीं पुण्याच्या आर्यन चित्रगृहांत लागला. लोकमान्य टिळकांनीं तो पाहून बाबूरावांचा गौरव केला आणि त्यांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. कीचकाच्या वधाचें दृश्य इतकें खरें वाटलें कीं तें पुढें काढून टाकावें लागलें. लोकांनीं नटांची तारीफ केली. दृश्य खरें वाटण्यांत तांबड्या दिव्याखालीं चौकट उचलून पाहणाऱ्या त्या डोळ्यांचाही वांटा होता, पण नाट्यगृहाच्या जाहिरातींत डोळ्यांस जागा नसते.

पुढचा इतिहास सुपरिचित आहे. १९२३ च्या ‘सिंहगड’ चित्रांत कृत्रिम प्रकाशाचा उपयोग झाला. ‘कल्याण खजिना’ वेंब्लीच्या प्रदर्शनांत दाखविला गेला. १९२५ चा ‘सावकारी पाश’ शेतकऱ्याच्या कर्जाची कहाणी घेऊन आला. त्या कंपनींत दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हीं माणसें तयार झालीं. कोणी एक काम नेमून घेऊन तेवढेंच करावें असा तेथें परिपाठ नव्हता. आज पडदा रंगविणारा उद्यां वेष चढवून कॅमेऱ्यापुढें उभा राही. १ जून १९२९ रोजीं या चौघांनीं सीतारामपंत कुलकर्णी या सराफांच्या साह्यानें ‘प्रभात’ काढली, आणि १९३३ सालीं ती पुण्यास गेली. बोलपट आल्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी टिकली नाहीं. १९४८ च्या जानेवारींत महात्माजींच्या हत्येनंतर झालेल्या जाळपोळींत भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओसही आग लागली. बाबूराव १६ जानेवारी १९५४ रोजीं निवर्तले.

आणि ‘सैरंध्री’? ती आज कोठेंही उपलब्ध नाहीं. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बहुतेक मूकपटांची तीच गत झाली. खेळ संपल्यावर जुन्या प्रतींतली चांदी काढून घेण्यासाठीं त्या विकण्याची रीत देशोदेशीं होती. कित्येक दमटपणानें कुजल्या, कित्येक जळाल्या. १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तेव्हां पुष्कळ कांहीं आधींच गेलें होतें. आणि जें जमविलें त्यांतलाही नायट्रेट फिल्मचा मोठा सांठा २००३ च्या जानेवारींतल्या आगींत नष्ट झाला.

जुन्या यंत्राचा हा प्रश्न आज एका निराळ्या रूपानें पुन्हां उभा राहिला आहे. १९२३ सालीं सोळा मिलिमीटरची आणि १९३२ सालीं आठ मिलिमीटरची लहान फिल्म निघाली. ही फिल्म ज्वालाग्राही नव्हती, आणि कॅमेऱ्यांत घातलेलीच पट्टी धुवून पडद्यावर दाखवितां येई, वेगळ्या प्रतीचा खर्च नाहीं. म्हणून ती घराघरांत, शाळांत आणि खेडोपाडींच्या फिरत्या खेळांत गेली. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत फिल्मची जागा संगणकी चित्रानें घेतली. २०१२ च्या जानेवारींत कोडक कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला. फुजीनें २०१३ सालीं सिनेमाची फिल्म बनविणें थांबविलें. त्याआधींच, २०१० च्या अखेरीस, अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांतल्या पार्सन्स या लहानशा गांवीं कोडाक्रोम जातीची फिल्म धुणारी जगांतली शेवटची रसायनशाळा तें काम बंद करती झाली. ज्यांच्याभोंवतीं एकेकाळीं दिवसरात्र पाळ्या चालत, तीं धुलाईयंत्रें अशा रीतीनें ठिकठिकाणीं मोडीच्या भावानें विकलीं गेलीं.

आणि मोडीच्या भावानें विकलें जातें, तेथें तें उचलणारा कोणीतरी असतोच. पॅरिसजवळ ‘लाबोमिनाब्ल’ या विचित्र नांवाची एक रसायनशाळा कलावंतांनीं १९९६ पासून चालविली आहे. व्यापारी रसायनशाळांनीं टाकून दिलेलीं यंत्रें गोळा करून तीं तेथें पुन्हां चालूं केलेलीं आहेत. इटलींत फेरानिया येथें बंद पडलेल्या फिल्मच्या कारखान्यांतलीं यंत्रें भंगारांत जाण्यापूर्वीं कांहीं मंडळींनीं वांचविलीं. ज्यांस एवढें मोठें काम झेपत नाहीं ते सोविएत रशियांत बनलेल्या लोमो कंपनीच्या जुन्या टाक्या शोधीत असतात. आंत गोल चकत्या, त्यांच्या खांचांत दहापंधरा मीटर लहान फिल्म गुंडाळावयाची, वर झाकण. झाकण लागलें कीं पुढचें सर्व काम उजेडांत होतें. एका माणसाच्या घरांत, न्हाणीघराच्या कोपऱ्यांत मावणारी ही रसायनशाळा आहे. तिचा ग्राहक जें पाहून घेतो, तेंच जुन्या बाजारांत यंत्र घेणारास नेहमीं पाहावें लागलें आहे. चकतीची खांच कोठें तुटली आहे काय, आंसाला बाक आला आहे काय, जुन्या रसायनाचा तपकिरी थर नुसता डाग आहे कीं आंतली वस्तूच खाल्ली गेली आहे? घरीं आणल्यावरही तो खरी फिल्म लगेच आंत घालीत नाहीं. प्रथम एक निकामी पट्टी उजेडांत गुंडाळून पाहतो, मग डोळे मिटून, मग अंधारांत. शेवटीं टाकींत नुसतें पाणी भरून तो ती फरशीवर रात्रभर ठेवतो. सकाळीं खालची फरशी कोरडी असली, तरच रसायनें कालवावयास घेतो.